हॉटेलात इंग्रजीतून ऑर्डर : शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकला मी बोलण्याच्या इंग्रजीचा वर्ग घेते. सकाळी कॉलेजची मुलं असतात. संध्याकाळच्या बॅचला मात्र भरणा असतो तो मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला, इंग्लंडला निघालेल्या आईवडिलांचा. व्हिसा झालेला असतो, तिकिटं हातात असतात, आणि पहिल्याच दिवशी सांगणं असतं, "बाकी काही नको मॅडम, बाहेर खायला गेलं की सुनेच्या तोंडाकडे बघत बसायला लागू नये, एवढं शिकवा." खालचे प्रश्न बरेचसे त्यांचे आहेत. काही हाच धडा घेणाऱ्या शिक्षकांचे, काही परदेशातून फोन करणाऱ्या मुलांचे.

आई रोज इंग्रजी पेपर वाचते, व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं आहे. मग काउंटरपुढे उभी राहिली की गप्प का होते?

कारण तिने पाठ केलेलं वाक्य ती नीट बोलते, आणि मग समोरून प्रश्न येतो.

आमच्या वर्गातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, न्यू जर्सीला गेले. पहिल्याच आठवड्यात मुलगा गाडी लावायला गेला आणि काकांनी ठरवलं, आज आपणच ऑर्डर द्यायची. "टू एग्ज अँड टोस्ट, प्लीज." एकदम बरोबर. वेट्रेसने विचारलं, "हाऊ वुड यू लाइक युअर एग्ज?" काका म्हणाले, "येस, आय लाइक व्हेरी मच." ती हसली, पुन्हा विचारलं, शेवटी तिनेच "स्क्रॅम्बल्ड?" म्हटलं आणि काकांनी मान डोलावली. मग टोस्टचं आलं : "व्हाइट, व्हीट ऑर राय?" काकांना त्यातलं फक्त राय कळलं. टोस्टवर मोहरी कशाला, म्हणून ते "नो राय" म्हणाले. ती अजून उभीच. परत आल्यावर हे सगळं त्यांनी स्वतःच वर्गात करून दाखवलं, वेट्रेसच्या उभं राहण्यासकट.

काकांचं इंग्रजी कुठेही कमी पडलं नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की अंडी मागितली की ती कशी करायची हे विचारतात, टोस्ट म्हटलं की पाव कुठला ते विचारतात, आणि राय हे एक धान्य आहे. जेवायला गेल्यावर आपल्याला बोलायची असतात चार वाक्यं, ऐकायची असतात वीस. आपण शिकवताना नेमकं उलटं करतो, ग्राहकाची वीस वाक्यं घोकून घेतो.

मग सुरुवात वेटरच्या वाक्यांपासून करायची?

हो. माझ्या पहिल्या तासाला शिकणारे ऑर्डर देतच नाहीत. मी वेटर होते आणि प्रश्न विचारते, ते फक्त ओळखतात की हा प्रश्न कशाबद्दल आहे. पाणी, टेबल, पैसे, की आणखी काही. उत्तर द्यायचं नाही म्हटल्यावर निम्मी भीती तिथेच जाते.

जेवणाच्या क्रमाने ही वाक्यं येतात. दारात "हाऊ मेनी?" किंवा "टेबल फॉर टू?" अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दाराशी "प्लीज वेट टु बी सीटेड" अशी पाटी असते; ती असली की आपणहून रिकाम्या टेबलाकडे जायचं नाही. बसल्यावर "कॅन आय स्टार्ट यू ऑफ विथ समथिंग टु ड्रिंक?" इथे लोक घाबरून "नो" म्हणतात आणि पाण्यालाही मुकतात. त्यानंतर "आर यू रेडी टु ऑर्डर, ऑर डू यू नीड अ मिनिट?" याला "अ फ्यू मोअर मिनिट्स, प्लीज" हे उत्तर शंभर टक्के सभ्य आहे, आणि काका-काकूंना हेच वाक्य सर्वांत आवडतं. अर्ध्या जेवणात "हाऊज एव्हरीथिंग?" याला आपला खरा अभिप्राय द्यायचा नसतो, "गुड, थँक यू" पुरे. ताटात थोडं उरलं की "आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?" म्हणजे ताट उचलू का. एका काकूंना वाटलं, नोकरी अजून चालू आहे का असं विचारतायत. त्या म्हणाल्या, "नो, रिटायर्ड."

काउंटरवरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे "फॉर हिअर ऑर टु गो?" ते कानावर "फिरटुगो" असं एका दमात पडतं. इंग्लंडमध्ये त्याच जागी "ईट इन ऑर टेक अवे?"

आणि ते प्रसिद्ध "सूप ऑर सॅलड?" भरभर म्हटलं की "सुपरसॅलड" ऐकू येतं. सुपर आहे तर द्या, म्हणून माणूस "येस" म्हणतो. सॅलड घेतलं की लगेच ड्रेसिंग (वर घालायचा सॉस) कुठलं, हा पुढचा प्रश्न. एका पदार्थामागे किती प्रश्न निघतात हे फळ्यावर झाडासारखं काढून दाखवा, शब्दार्थांच्या यादीपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

"आय वॉन्ट" म्हटलं तर उद्धट वाटतं का? आपण तर मराठीत सरळ "एक कॉफी द्या" म्हणतो.

वाटतं, आणि गंमत अशी की आपल्या मनात उद्धटपणा नसतोच. मराठीत अदब क्रियापदातच बसलेली असते. "दे" आणि "द्या" यांत जो फरक आहे तो वेगळा "प्लीज" लावून दाखवावा लागत नाही, वर "दादा" म्हटलं की काम झालं. इंग्रजीत "गिव्ह मी" चं "गिव्ह"च राहतं, त्याला आदरार्थी रूप नाही. म्हणून ती अदब वाक्याच्या सुरुवातीला "कुड आय हॅव" किंवा "आय'ड लाइक" लावून आणावी लागते. "द्या" म्हणजे "गिव्ह" हे डोक्यातलं समीकरण काढून "द्या" म्हणजे "कुड आय हॅव" असं बसवलं की काम भागतं. अमेरिकेत तरुण मुलं सर्रास "कॅन आय गेट" म्हणतात, तेही चालतं.

"काइंडली" मात्र अर्जातच राहू द्या.

वेटरला हाक कशी मारायची?

शक्यतो मारायचीच नाही. नजर मिळवायची, हात थोडा वर करायचा, जवळून गेला तर "एक्सक्यूज मी." "वेटर!" अशी हाळी, चुटकी, टेबलावर टकटक यातलं काही नको. "ब्रदर" आणि "अंकल"ही नको. इंग्लंडच्या पबमध्ये गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याच ठिकाणी टेबलाशी कोणी येतच नाही. टेबलाचा नंबर बघून ठेवायचा, आपण उठून बारपाशी जायचं, तिथेच सांगायचं आणि पैसे भरायचे.

आपले रोजचे इंग्रजी शब्द तिकडे चालतात का?

बरेच चालत नाहीत, आणि ते आपल्याला इंग्रजीच वाटत असल्यामुळे ही अडचण लक्षातही येत नाही. पहिला शब्द "हॉटेल"च घ्या. आपण हॉटेलात मिसळ खातो. तिकडे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. "लेट अस गो टु हॉटेल" म्हटलं की सून दचकते, घरात काही बिनसलं की काय.

"पार्सल" म्हणजे टपालाचं पुडकं. खाणं बांधून हवं तर अमेरिकेत "टु गो", उरलेलं न्यायचं तर "कुड आय गेट अ बॉक्स?" "नॉनव्हेज" हा शब्द भारताबाहेर फारसा कोणाला कळत नाही, सरळ "मीट" म्हणा. "कर्ड" म्हणजे योगर्ट. "कॅप्सिकम" अमेरिकेत बेल पेपर, इंग्लंडमध्ये नुसतं पेपर. वांगं अमेरिकेत एगप्लांट (यात एग नाही, हे दर बॅचला सांगावं लागतं), इंग्लंडमध्ये ओबर्जिन, "ब्रिंजल" आपल्याकडेच. भेंडी म्हणजे ओक्रा, कारण "लेडीफिंगर" मागितलंत तर तिकडे तो बिस्किटाचा प्रकार आहे. कोथिंबीर अमेरिकेत सिलँट्रो. आणि बिस्किट मागवलंत तर अमेरिकेत मऊ पावासारखं काहीतरी येतं, दक्षिणेत त्यावर रस्साही ओतलेला असतो, बहुधा मांसाचा.

"आँत्रे" हा शब्द तर इंग्रजी येणाऱ्यांनाही फसवतो. अमेरिकेत तो मुख्य पदार्थ. ऑस्ट्रेलियात आणि मूळ फ्रेंचमध्ये आधी येणारा छोटा पदार्थ. अमेरिकेतली चिप्स म्हणजे वेफर, इंग्लंडमधली चिप्स म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी.

"वन बाय टू" सूपही तिकडे नाही. "वुई'ड लाइक टु शेअर धिस. कुड वुई हॅव ॲन एक्स्ट्रा बोल?" असं म्हणायचं.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. "प्युअर व्हेज" सांगितलं तर पुरतं का?

नाही पुरत. या प्रश्नावर मी पूर्ण एक तास खर्च करते आणि तो कमीच पडतो.

आपल्याला हिरव्या ठिपक्याची सवय असते. तिकडे असा सक्तीचा ठिपका नाही. मेनूवर कुठे "व्ही" असतो, पण तो कुठे शाकाहारी आणि कुठे व्हीगन (दूध-तूपही न चालणारं) या अर्थाने, म्हणून पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचायची. दुसरं, तिकडच्या "व्हेजिटेरियन"मध्ये अंडं बसतं. म्हणून एका शब्दावर विसंबायचं नाही, यादीच म्हणायची : "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज. मिल्क अँड चीज आर फाइन." चिकन वेगळं का म्हणायचं? कारण काहींच्या लेखी मीट म्हणजे लाल मांस.

तिसरं, भाजी दिसते आणि आत दुसरंच असतं. व्हेजिटेबल सूप कोंबडीच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, म्हणून "इज द ब्रॉथ व्हेजिटेरियन?" मेक्सिकन जेवणातले रिफ्राइड बीन्स काही ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची मासळी असते. जपानी मिसो सूपचा स्टॉक सहसा मासळीचा. अस्सल पार्मेझान चीज करताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. हे कळल्यावर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी फक्त सांगते. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजच्या घटकांत "नॅचरल बीफ फ्लेवर" असतं. यावरून 2001 मध्ये सिएटलमध्ये दावा झाला होता आणि 2002 मध्ये कंपनीने माफी मागून 1 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. बटाटाच तर आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी हा किस्सा मी राखून ठेवते.

कांदा-लसूण चालत नाही किंवा उपवास आहे, हे कसं सांगायचं?

"जैन" किंवा "एकादशी" समजावत बसू नका. "नो ऑनियन, नो गार्लिक, प्लीज. इज दॅट पॉसिबल?" एवढंच म्हणा. उपवासाला तर काय चालत नाही यापेक्षा काय चालतं ते मागणं सोपं : बेक्ड पोटॅटो, फळं, दूध. साबुदाण्याची आशा धरू नये.

मुलगा म्हणतो, "ॲलर्जी आहे असं सांग, मग नीट लक्ष देतात."

सांगू नका. ॲलर्जी हा शब्द तिकडे फार गांभीर्याने घेतात. इंग्लंडमध्ये ॲलर्जी करणाऱ्या 14 घटकांची माहिती ग्राहकाला देणं कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत अशा मुख्य घटकांची यादी 9 नावांची, त्यात तीळ 2023 पासून आले. तुम्ही ॲलर्जी म्हटलंत की नीट चालवलेल्या स्वयंपाकघरात हातमोजे बदलतात, भांडी वेगळी काढतात. "आय डोन्ट ईट" आणि "आय'म ॲलर्जिक टु" हे दोन वेगळे दरवाजे आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी खरोखर असेल त्याने मात्र पाणी मागायच्या आधी ते सांगावं.

उच्चारांवर किती वेळ घालवायचा?

थोडाच, पण योग्य जागी. गोऱ्यांसारखं बोलायचा हट्ट नको. आपला नाशिकचा सूर राहू दे. अर्थ बदलेल तिथेच दुरुस्ती करायची. "स्नॅक्स"चं "स्नेक्स" होऊ नये. सूप आणि सोप. "डिझर्ट" म्हणजे गोड पदार्थ, जोर शेवटी. जोर सुरुवातीला आला की वाळवंट. मेनूवरच्या परक्या शब्दांत अक्षरं एक आणि उच्चार दुसरा : केसादीया, टॉर्टीया, हालापेन्यो, कीन्वा, न्योकी. हे पाच शब्द फळ्यावर लिहून घेतले की वर्ग खूश होतो, त्यामुळे मी ते कंटाळलेल्या दिवसासाठी ठेवते.

ऐकण्यातलं एक सांगायलाच हवं. अमेरिकन माणूस "वॉटर" म्हणतो ते "वॉडर" ऐकू येतं. आणि तिकडे पाणी बर्फ घालून येतं. गुडघेदुखी, घसा, दात यांतलं काहीही असेल तर "नो आइस, प्लीज" आधीच. युरोपात "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" विचारलं तर दोन्ही विकतचं असतं, साधं नळाचं हवं तर "टॅप वॉटर, प्लीज." यात कमीपणा काही नाही.

बिल आणि टीपचं गणित?

इंग्लंडमध्ये "बिल", अमेरिकेत "चेक". "कुड वुई हॅव द चेक, प्लीज?" मागितल्याशिवाय बिल न आणणं हा इंग्लंड-युरोपात सभ्यपणा समजतात, अमेरिकेत ते आपणहून आणून ठेवतात आणि वर "नो रश" म्हणतात.

अमेरिकेत मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत 6.625 टक्के विक्रीकर वर लागतो. आणि त्यावर टीप, बसून जेवलात तर 15 ते 20 टक्के. इथे वर्गात हमखास कुरकुर होते, "पगार मालकाने द्यायचा, आम्ही का?" प्रश्न रास्त आहे. पण तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला कमीत कमी 2.13 डॉलर दिले तरी चालतं, बाकीचं टीपमधून यावं असं गृहीत धरलंय, आणि तो आकडा 1991 पासून हललेला नाही. काही राज्यांत जास्त मिळतं, कॅलिफोर्नियात पूर्ण किमान वेतन. म्हणजे तिथे टीप हा मजुरीचाच भाग झाला. मोठा गट असेल तर बऱ्याचदा "ग्रॅच्युइटी", म्हणजे टीपच, आधीच लावलेली असते. ती बघून मग टीप लिहा, नाहीतर दोनदा जाते. लंडनला बिलात बऱ्याचदा 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज असतो, तो दिला की वेगळी टीप नको.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कार्ड घेऊन वेटर आत जातो. आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, ओटीपी नाही, पिन नाही. तिथे तशीच पद्धत आहे. तो पावती आणतो, त्यावर टीप आणि एकूण रक्कम हाताने लिहून सही करायची. मी कोऱ्या पावत्या छापून घेतल्यात. बेरीज चुकणारे बँकवालेही निघतात.

वर्गात सराव कसा घ्यायचा? संवाद वाचून घेतो, पण बाहेर गेल्यावर उपयोग होत नाही. (एका शिक्षकांचा प्रश्न)

कारण छापील संवादात वेटर नेहमी ठरलेलंच विचारतो. खऱ्या हॉटेलात पदार्थ संपलेला असतो.

मी दोन मेनू करते. ग्राहकाच्या हातातल्या मेनूत सगळं आहे. वेटरच्या प्रतीत तीन पदार्थांवर काट मारलेली. दोघांनी एकमेकांचा कागद बघायचा नाही. "सॉरी, वुई'र आउट ऑफ द मशरूम सूप" असं ऐकल्यावर जी दोन सेकंदांची शांतता होते, तिच्यात खरं शिक्षण आहे. ती मोडू देऊ नका, मागून उत्तर पुरवू नका. तिसऱ्या फेरीला काकू स्वतःच म्हणतात, "व्हॉट डू यू हॅव?"

दुसरं, आवाज. शांत खोलीत सगळ्यांना ऐकू येतं. फोनवर गर्दीचा आवाज लावा, पंखा पाचवर करा, वेटर झालेल्याला पाठ थोडी वळवून बोलायला सांगा. आणि आधी ही दोन वाक्यं पक्की करा : "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" आणि "व्हॉट इज दॅट?" नुसतं "व्हॉट?" नको. न कळता "येस" म्हणायची सवय मोडायला मी एक दंड ठेवलाय. येस म्हणालात आणि कशाला ते सांगता आलं नाही, तर पुढच्या तासाला वर्गाला चहा. चहा भरपूर होतो.

पातळीचं विचाराल तर युरोपीय भाषा चौकटीत, जी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली, जेवण मागवता येणं हे ए-टू, म्हणजे खालून दुसऱ्या, पातळीत धरलंय. अगदी नवख्यांना आधी कॉफीच्या काउंटरपुरतं शिकवा. तिथेही ते नाव विचारतात, कपावर लिहायला. अनिरुद्ध, ज्ञानेश्वर अशी नावं असणाऱ्यांनी "ॲनी" किंवा "डॅन" सांगून मोकळं व्हावं. स्टारबक्समध्ये "टॉल" म्हणजे फलकावरचा लहान कप, हेही तेव्हाच सांगून टाका.

आता तर स्क्रीनवरच ऑर्डर देतात. हे शिकायची गरज राहिलीय का?

स्क्रीनवर "नो आइस" सापडेपर्यंत मागे रांग लागते. राहिलीय.

आईबाबा इकडे आलेत. आम्ही त्यांना सराव कसा द्यावा?

त्यांच्या वतीने ऑर्डर देणं बंद करा. वेटर तुमच्याकडे बघून "अँड फॉर हर?" म्हणाला तर आईकडे बघा आणि गप्प राहा. मेनू आदल्या दिवशी घरी वाचून घ्या, वेबसाइटवर असतोच. पहिल्यांदा गर्दी नसलेल्या वेळी, दुपारी तीनला न्या. आणि चूक झाली तर टेबलावर दुरुस्त करू नका, गाडीत सांगा.

चुकीचं ताट आलं तर?

संकोचाने तसंच खाऊ नका, विशेषतः त्यात मांस असेल तर. "एक्सक्यूज मी, आय थिंक आय ऑर्डर्ड द व्हेजिटेरियन वन." "यू गेव्ह राँग" म्हणायचं नाही, "आय थिंक" लावलं की भांडण न होता ताट परत जातं. तुकडे बाजूला काढून तेच ताट परत आणलं असं वाटलं तर "कुड यू मेक अ फ्रेश वन, प्लीज?"

आणि ऐन वेळी काहीच सुचलं नाही तर?

मेनूवर बोट ठेवा आणि म्हणा, "धिस वन, प्लीज." बोट नीट एका ओळीवर ठेवा, दोन ओळींच्या मध्ये नको. आमच्या एका काकूंचं मध्ये पडलं आणि दोन पिझ्झे आले.